कानाला मशीन लागलं, म्हणून घरची बोली सोडायची का?

‘मुलाला ऐकायला कमी येतं, बोलायलाही उशीर झालाय. त्यात घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी. घरची बंद करू का?’ महापालिकेच्या शाळांमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा भेटतो. विचारणारे बहुतेक मनाशी ठरवूनच आलेले असतात, कारण कुणा शिकलेल्या माणसाने तसं सांगितलेलं असतं. माझं उत्तर ‘नका करू’ असं आहे. सुनीलच्या निमित्ताने ते नीट सांगता येईल. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

सुनील पुण्यातल्या मराठी शाळेत तिसरीत होता. आईवडील बांधकामावर, मूळचे विजयपूरकडच्या तांड्यावरचे. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, वस्तीत दखनी वळणाची हिंदी, गावी गेलं की कन्नड, शाळेत मराठी, शिवाय आपल्याकडे पहिलीपासून असतं ते इंग्रजी. शाळा दोन वर्षं एकच सांगत होती, ‘बाहेरून आलेत, मराठी येत नाही, येईल हळूहळू.’ एरवी हे बरोबरही असतं. पण त्याच वस्तीतली, त्याच्याबरोबर पहिलीत आलेली पोरं एव्हाना बाईंशी मराठीत भांडत होती आणि हा मान डोलवण्यापलीकडे जात नव्हता. अशा मुलाची तुलना वर्गातल्या घरी मराठी बोलणाऱ्या मुलांशी करून काही कळत नाही. ती त्याच्या वस्तीतल्या मुलांशीच करावी लागते.

घरचे म्हणत, ‘घरी तर ऐकतो.’ खोटं नव्हतं ते. छोटी खोली, आई हाताच्या अंतरावर, तिचे ओठ दिसतायत, भाषा जन्मापासूनची. ओळखीच्या भाषेत अर्धा शब्द कानावर पडला तरी उरलेला मूल आपणच भरून घेतं. वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, वर पंखा खडखडतो, शेजारच्या वर्गात पाढे चालू असतात आणि भाषा नवी. तिथे गाळलेल्या जागा कशाने भरणार? त्यात स, श, फ, थ हे आवाज मुळात हलके, कान अधू असला की बऱ्याचदा तेच आधी हरवतात. स्वर ऐकू येत राहतात, म्हणून हाक मारली की मूल वळून बघतं आणि सगळ्यांना वाटतं, कान ठीक आहेत. मराठीत ‘घरात’, ‘घराला’, ‘घराशी’ यांतला फरक शब्दाच्या त्या दबक्या शेपटीतच असतो. ती ऐकूच आली नाही तर वाक्याचा अर्थ कसा लागणार?

मी आईला विचारलं, ‘ताई, गोरमाटीत कसा बोलतो? तुमची मोठी याच्याएवढी असताना जशी बोलायची, तसा?’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. ‘नाही मॅडम. मोठी दिवसभराचं सगळं सांगायची. हा दोन शब्दांत संपवतो.’

शिक्षकांनी पहिल्याच महिन्यात विचारावा असा प्रश्न हा. अडचण फक्त शाळेच्या भाषेत असेल तर शिकवायला वेळ द्या. घरच्या भाषेतही असेल तर तपासणी करा, थांबू नका. सुनीलची बुद्ध्यांक चाचणी करा, असंही मधे कुणी सुचवलं होतं. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला, न येणाऱ्या भाषेत सूचना देऊन कसली बुद्धी मोजणार? आधी कान, हा आग्रह मी धरला.

साध्या ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीला, भाषा लागत नाही. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, बस. शब्द ओळखण्याच्या चाचणीला मात्र लागते आणि यादी मराठी होती. मग चित्रं मांडली, आईने गोरमाटीत नावं घेतली, त्याने बोट ठेवलं. दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या वर दोष निघाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६० ते ७० डेसिबल म्हणजे ‘ऐकण्यास कमी’ आणि ७० पासून पुढे कर्णबधिर धरतात. प्रमाणपत्र झालं, यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र झालं, केंद्राच्या योजनेतून दोन्ही कानांना मशीन मिळालं.

आणि तिथेच कुणीतरी भल्या मनाने वडिलांना सांगितलं, ‘आता घरात फक्त मराठी बोला, नाहीतर गोंधळेल.’ वडिलांनी तसा नियमच केला. पुढच्या भेटीत आई म्हणाल्या, ‘मला मराठी कामापुरतीच येते, मॅडम. चल, जेव, दप्तर कुठंय. मग मी गप्पच बसते.’

म्हणजे मशीन चालू झालं आणि घरात सगळ्यांत जास्त बोलणारं माणूस बंद झालं. मशीन आवाज मोठा करतं, एवढंच. त्या आवाजाचं बोलणं व्हायला कुणीतरी त्याच्याशी भरभरून बोलावं लागतं. ‘का’, ‘कधी’, ‘समजा असं झालं तर’, रागावणं, लाड, गावाकडच्या गोष्टी. याडीला, म्हणजे त्याच्या आईला, हे सगळं गोरमाटीतच येणार. एक भाषा काढून घेतली की दुसरी लवकर येते, याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. डाऊन सिंड्रोम या जन्मजात स्थितीमुळे ज्यांना बोलायला मुळातच उशीर होतो, अशा मुलांबद्दल कॅनडातला २००५ चा अभ्यास आहे. दोन भाषांत वाढणारी मुलं इंग्रजीत एकभाषिक मुलांपेक्षा मागे पडलेली दिसली नाहीत. मर्यादा आहेत, उशीर आहे, पण तो दुसऱ्या भाषेमुळे आलेला नव्हता.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. शेवटी नियम मोडला आणि मोठ्या बहिणीला काम मिळालं. उद्याचा धडा तिने आज रात्री गोरमाटीत सांगायचा, म्हणजे सकाळी मराठी शब्द रिकाम्या डोक्यावर पडत नाहीत. बाईंनी त्याला पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. फळ्यावर लिहिताना बोलणं थांबवलं. ‘कळलं का?’ विचारणंही सोडलं, कारण त्याचं उत्तर कायम ‘हो’. आता त्या विचारतात, ‘काय करायचंय, सांग बघू.’ तोंडी उत्तरात अर्धी हिंदी, अर्धी गोरमाटी आली तरी चालते. फिरत्या विशेष शिक्षिका मशीन तपासून जातात. घाम आणि सिमेंटची धूळ हे मशीनचे वैरी, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. कान वाढला की मशीनचा कानात बसणारा साचा सैल होतो, मशीन शिट्टी मारतं आणि मूल ते काढून खिशात टाकतं. ‘घालत नाही’ म्हणून रागावण्याआधी साचा बघा.

आता साइट संपत आलीय, शाळा बदलेल. तपासणीचे सगळे कागद आणि बाईंनी लिहिलेलं एक पान, ‘घरी गोरमाटी बोलतो, समोरून बोलावं, दिलेली सूचना त्यालाच परत सांगायला लावावी’, असं एका फाइलमध्ये घालून वडिलांकडे दिलंय. त्यांनी फाइल घेतली आणि विचारलं, ‘मॅडम, शाळा बदलतेच आहे तर इंग्लिश मीडियमला टाकू?’ सध्या नको, असं मी सांगितलं. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, मराठी आत्ता कुठे कानात बसतेय, परत सगळ्या जागा रिकाम्या होतील. ते ‘बघतो’ म्हणाले. दिवाळीत गावी जाऊन आल्यावर ठरवणार आहेत.