'पाण्याचा मधुमेह' म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर 'डायबेटिस इन्सिपिडस' लिहिले आहे. घरात सगळे त्याला 'पाण्याचा मधुमेह' म्हणतात आणि त्यांची साखर बंद केली आहे. हा शब्द बरोबर आहे का?

नाही. मधु असेल तरच मधुमेह, आणि या आजारात साखरेचा संबंधच नाही. साखर बंद करण्याचे कारण फक्त या नावातून आले आहे.

'मेह' हा शब्द 'मिह्' धातूपासून आला. त्याचा अर्थ शिंपणे, मूत्र विसर्जन करणे. गोडी त्यात कुठेच नाही. 'डायबेटिस'चेही तसेच: मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'आरपार निघून जाणे'. पुढचे लॅटिन विशेषण लघवीची चव सांगते. 'मेलिटस' म्हणजे मधासारखी गोड, 'इन्सिपिडस' म्हणजे बेचव. आपण नुसत्या 'डायबेटिस'लाच साखर समजू लागलो आणि घोटाळा झाला.

लघवी दोन्हींत खूप होते, पण कारणे वेगळी. मधुमेहात लघवीत उतरलेली साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. इथे बिघाड पाणी राखण्याच्या यंत्रणेत असतो. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले जवळजवळ सगळे पाणी रक्तात परत घेतात. शेवटच्या टप्प्यावर किती परत घ्यायचे, हे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक ठरवते. ते मेंदूतल्या अधश्चेतकात तयार होते आणि पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठते. रक्त थोडे जरी दाट झाले तरी हे संप्रेरक सुटते, मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांत पाण्याच्या वाटा उघडतात आणि लघवी घट्ट, पिवळी होते. संप्रेरक कमी पडले, किंवा मूत्रपिंडाने त्याला दाद दिली नाही (लिथियम हे मानसिक आजारावरचे औषध बरीच वर्षे घेणाऱ्यांत असे होऊ शकते), तर त्या वाटा बंदच राहतात. मग दिवसाला तीन लिटरांहून जास्त, कधी दहा-पंधरा लिटर, पाण्यासारखी फिकी लघवी होते. तहान शाबूत असेल आणि पाणी हाताशी असेल तोवर माणूस ही तूट भरून काढतो. पाणी मिळाले नाही, तर रक्तातले सोडियम झपाट्याने वाढते. म्हणून 'सारखी लघवी होते, पाणी कमी प्या' हा घरगुती सल्ला इथे घातक आहे.

मराठीत चांगला शब्द आहे: उदकमेह. आयुर्वेदातल्या वीस प्रमेहांत, म्हणजे लघवीच्या विकारांत, तो आहे. स्वच्छ, पुष्कळ, पाण्यासारखी लघवी हे त्याचे वर्णन. जुनी संकल्पना आणि आजचे निदान तंतोतंत एक नव्हेत, पण नाव म्हणून तो चपखल बसतो. 'बहुमूत्रता' मात्र नुसते लक्षण आहे. ती मधुमेहातही असते.

नावाचा हा गोंधळ इंग्रजीतही जिवावर बेतला. साखरेचा रुग्ण समजून रुग्णालयात डेस्मोप्रेसिन (व्हॅसोप्रेसिनची उणीव भरून काढणारे औषध) द्यायचे राहिले आणि रुग्ण दगावले. म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने नवी नावे सुचवली: 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी' आणि 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन रेझिस्टन्स'. मराठीत अनुक्रमे 'व्हॅसोप्रेसिन-न्यूनता' आणि 'व्हॅसोप्रेसिन-रोध' म्हणता येईल.

घरात 'उदकमेह' म्हणा. वडिलांच्या पाकिटात ठेवायच्या चिठ्ठीवर मात्र डॉक्टरांना विचारून नवे इंग्रजी नाव, औषध आणि त्याची मात्रा लिहा, आणि खाली ठळक अक्षरांत: 'हा साखरेचा आजार नाही. पाणी आणि हे औषध बंद करू नये.'