फुलांचं जुनं पेंटिंग घ्यावं का? (घर पण घ्यायचंय)

नेदरलँड्समधल्या अ‍ॅम्स्टलवेनहून एका ताईंचा प्रश्न आलाय. नवरा-बायको दोघं आयटीत, बचत 46,000 युरो, आणि एक डीलर त्यांना सतराव्या शतकातलं फुलदाणीचं ऑइल पेंटिंग 28,000 ला देतोय. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमला जाऊन जाऊन जुन्या चित्रांचं वेड लागलंय, शिवाय इन्व्हेस्टमेंट पण होईल ना, असं विचारतायत. आणि अगदी शेवटी, दोन वर्षांत इथेच घर घ्यायचंय.

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो. तिकडे बँक घराच्या किमतीच्या 100% पर्यंत कर्ज देते हे खरं, पण नोटरी, व्हॅल्युएशन, टॅक्स हा वरखर्च आणि व्हॅल्युएशनच्या वर लावलेली बोली, हे सगळं स्वतःच्या खिशातून. म्हणजे हे 46,000 तुमचे मोकळे पैसे नाहीतच, घराचे आहेत.

आता पेंटिंग. डीलरने 'सर्कल ऑफ यान दाविद्स दे हेम' (सतराव्या शतकातला फुलाफळांच्या चित्रांचा नामी चित्रकार) लिहून दिलंय, ते नीट वाचा. याचा अर्थ दे हेमने काढलंय असा नाही, त्याच्या आसपासच्या कुणीतरी काढलंय असा आहे, आणि 'फॉलोअर ऑफ' असतं तर अजून एक पायरी खाली. या खेळात रंगांपेक्षा या दोन शब्दांचे पैसे जास्त असतात.

सोनं मोडताना घडणावळ जाते ना, तसंच इथे, फक्त बरंच जास्त. समजा उद्याच लिलावात टाकलंत आणि घेणाऱ्याने एकूण 28,000 च मोजले. त्यात लिलाववाल्यांचं 25% प्रीमियम धरलं तर बोली झाली 22,400 ची, त्यातून तुमच्याकडून 10% कमिशन कापलं की हातात 20,160. भाव एक पैसा न पडता 7,840 गेले, आणि इन्शुरन्स, फ्रेम, रिस्टोरेशन अजून धरलेलंच नाही.

फोटोत पानं निळसर दिसतायत म्हणून घाबरलात, ते मात्र सोडून द्या. हिरव्यात मिसळलेला पिवळा रंग उडाला की जुन्या चित्रांत पानं निळी पडतात, यान फान हाउसुम या प्रसिद्ध डच फुलचित्रकाराच्या पण पडलीयत. मी उलट तो निळा कुठला ते तपासून घेईन, कारण प्रशियन ब्लू 1700 नंतर आला, तो मूळ थरात सापडला तर सतराव्या शतकाची गोष्टच संपली. आणि आधीच्या मालकांची यादी मागा, खास करून 1933 ते 45 ची, म्हणजे नाझींच्या काळात लुटलेलं नाही ना ते कळेल. हाउसुमचंच एक फुलांचं चित्र 1944 मध्ये जर्मन सैनिकांनी पळवलेलं, ते फ्लॉरेन्सला परत आलं 2019 मध्ये!

टॅक्सचं पण ऐका, घरात लावायला घेतलेलं चित्र बॉक्स 3 मध्ये (तिकडचा बचत-गुंतवणुकीवरचा टॅक्स) धरत नाहीत, पण मुख्यतः गुंतवणूक म्हणून घेतलं तर धरतात. म्हणजे 'इन्व्हेस्टमेंट' हा शब्द तिथेही तुमच्या फायद्याचा नाहीये.

माझ्या मते आत्ता घेऊ नका. घर होऊ दे, सहा महिन्यांचा खर्च बाजूला राहू दे, मग त्यावर उरेल त्यातून हौस करा, आणि तेव्हा किती परत मिळतील हे विचारू पण नका. डीलर म्हणेल दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, तर देऊ दे त्याला. तोवर भिंत फारच रिकामी वाटत असेल तर हाताने रंगवलेली जुनी बोटॅनिकल प्रिंट्स बघा, काहीशे युरोत छान मिळतात, माझ्या ऑफिसात दोन आहेत.