संडासातून पडलेला किल्ला?

प्रश्न : नमस्कार. आम्ही देवगडचे, त्यामुळे पाहुणे आले की विजयदुर्ग दाखवायला नेणं ठरलेलंच. परवा पुतण्या तटावर उभा राहून सांगायला लागला की फ्रान्समध्ये शातो गायार नावाचा असाच तीन तटांचा किल्ला आहे आणि शत्रू म्हणे त्यात संडासाच्या भोकातून घुसला! आम्ही हसलो पण तो काय ऐकेना. खरं आहे का हो? आणि तीन तट असून पडला कसा?
— एक वाचक, देवगड

उत्तर : पुतण्याला अर्धे मार्क द्या.

किल्ला नॉर्मंडीत, सेन नदीकाठच्या उंच कड्यावर. नॉर्मंडी तेव्हा इंग्लंडच्या राजाकडे होती, आणि रिचर्ड राजाने 1196 ते 1198 अशा दोनच वर्षांत हा उभा केला (आपल्याकडे शिलाहार घराण्यातल्या भोज राजाने विजयदुर्ग बांधला तोही काळ साधारण हाच सांगतात, गंमत आहे ना). तीन तट म्हणजे मात्र विजयदुर्गासारखे नाहीत. तिथे जमिनीवरून यायची वाट एकाच बाजूने, म्हणून त्या तोंडावर एक त्रिकोणी कोट सुटाच बांधला, मग खंदक, मग मधला कोट आणि त्याच्या पोटात बालेकिल्ला. बालेकिल्ल्याचा तट तर बघण्यासारखा, अर्धगोल बुरूज एकाला एक चिकटवत नेल्यासारखा, सपाट भिंत जवळजवळ नाहीच, त्यामुळे पायथ्याशी लपायला जागा कमी.

1199 ला रिचर्ड गेला, गादीवर भाऊ जॉन आला आणि 1203 मध्ये फ्रान्सच्या फिलिप राजाने वेढा घातला. जॉनने रात्री मदत पाठवली, फौज जमिनीवरून आणि रसद होड्यांतून, पण होड्या प्रवाहाविरुद्ध वल्हवत उशिरा पोचल्या, तोवर जमिनीवरची फौज मार खाऊन परतली होती. पाण्याचा हिशेब चुकला की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार! त्यात गावातली माणसं जीव वाचवायला किल्ल्यात शिरलेली. धान्य पुरेना म्हणून किल्लेदाराने त्यांना बाहेर काढलं, आधीच्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं पण शेवटच्या शेकडो लोकांना कोणीच वाट देईना, भर थंडीत दोन फौजांच्या मधे अडकून कित्येक उपाशी मेले. संडासाची गोष्ट सगळे रंगवतात, हे कोणी सांगत नाही.

आता संडास. पहिला कोट सुरुंग खणून बुरूज ढासळवून घेतला. मधल्या कोटात जॉनने नंतर एक इमारत बांधली होती, तिच्यात प्रार्थनाघर, आणि त्याची खिडकी नेमकी तटाबाहेर उघडणारी. फिलिपच्या पदरी असलेल्या गीयोम नावाच्या पाद्रीने लिहिलंय की बोगी नावाचा शिपाई साथीदाराच्या खांद्यावर चढून त्या खिडकीतून आत गेला, म्हणजे आपली दहीहंडीच म्हणा. शौचकूपही त्याच इमारतीत होते, त्यामुळेच पुढे सांगताना खिडकीचं संडासाचं भोक झालं असावं असं मला वाटतं.

बालेकिल्ल्याची चूक तर रिचर्डची स्वतःची. खंदक खोदताना दरवाजासमोर कातळाचा एक पट्टा पूल म्हणून तसाच सोडलेला, शत्रूचे खणणारे त्याच्याच आडोशाला बसून तट पोखरत राहिले. 6 मार्च 1204 ला किल्ला पडला, तेव्हा आत लढणारे साधारण दीडशेच उरले होते.

पुतण्याला विचारा, कातळाचा पूल माहीत होता का? नसेल तर उरलेले अर्धे मार्क कापा.