उत्तर: पूर्व मोंटानातली व्हाइटटेल शिकार आणि रस्त्याचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही एच-१बीवर आहात, टॅग (एक व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण, मारायचा परवाना) लागलाय, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका मित्राला घेऊन गाईडशिवाय अमेरिकेतल्या पूर्व मोंटानात जायचंय. नदीपासून जरा आत सरकारी जमिनीचा मोठा पट्टा नकाशावर सापडलाय, तिथवर रस्ताही दिसतोय, आणि ‘त्या जमिनीच्या खात्याच्या ऑफिसला फोन केला, ते म्हणाले रस्ता आहे’. हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलोय.

ड्रॉ (टॅगची सोडत), हंटर एज्युकेशन, रायफल झीरो करणं (तिचा नेम जुळवणं), थंडीचे कपडे यावर काही लिहीत नाही. टॅग हातात आहे म्हणजे एवढं झालंच असणार. ज्यांना शिकार मुळातच पटत नाही त्यांना एवढंच सांगतो, की भारतात १९७२ च्या कायद्याने ती बंद झाली हे योग्यच झालं असं मीही मानतो. इथली गोष्ट वेगळी आहे. किती टॅग द्यायचे हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ पासून वन्यजीवांच्या कामावर खर्च होतो. तो वाद इथे नको.

तर रस्ता. माझा किस्सा मोंटानाचा नाही, शेजारच्या एका राज्याचा आहे. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. तेव्हा मीही तुमच्यासारखाच फोन केला होता. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीनवर पाहून सांगितलं, हो, आमच्या जमिनीपर्यंत रस्ता जातो. रस्ता खरंच जात होता. वाटेत एका रँचचं कुलूपबंद गेट होतं. रँचर पिकअप घेऊन आला. अतिशय सभ्य माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही. त्याने कागदाची प्रत दाखवली. त्या रस्त्यावरून जायचा हक्क त्या खात्याच्या कर्मचाऱ्यांना होता, कुंपण बघायला, गवत मोजायला वगैरे. जनतेला नव्हता. म्हणजे सरकारी माणूस सरकारी गाडीतून जाणार, आणि ज्यांच्यासाठी ती जमीन आहे ते गेटवर उभे राहणार.

तिथूनच ऑफिसला फोन लावला. तारीख ११ नोव्हेंबर, व्हेटरन्स डे, केंद्र सरकारची सुट्टी. व्हाइटटेल माजावर असतात ते नेमके हेच दिवस. दुसऱ्या दिवशी मशीनच बोलत राहिलं. शेवटी माणूस मिळाला तेव्हा उत्तर आलं: ‘आम्ही रस्ता आहे म्हणालो, तुम्हाला जाता येईल असं कुठे म्हणालो?’ आपल्याकडच्या तलाठी कार्यालयातून मी इतक्या लांब येऊन पडलो ते हे ऐकायला! लेखी तक्रार केली. उत्तर सीझन संपल्यावर आलं, आणि त्यात त्याच नकाशाची लिंक होती. रजा गेली, टॅगचे पैसे गेले, आणि बरोबर आलेल्या मित्राने शिकारीचं नाव टाकलं ते टाकलंच. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. ज्या खात्याची जमीन, त्याला विचारायचं नाही तर कोणाला?

पण रागापलीकडे समजून घ्यायची गोष्ट ही की, सरकारी जमिनीला वाट असायलाच हवी असा इथे नियमच नाही. आपल्याकडे शेताला वाट नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करून बांधावरून रस्ता मागता येतो. इथे उलट आहे. रेल्वे कंपन्यांना १८६० च्या दशकात जमिनी दिल्या त्या एकाआड एक चौकोन अशा, प्रत्येक चौकोन (सेक्शन) ६४० एकरांचा. मधले चौकोन सरकारकडे राहिले. त्यांच्याकडे जायचा हक्क सरकारने आपोआप राखून ठेवला होता का, हा प्रश्न वायोमिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ मध्ये उत्तर मिळालं: नाही. शिकाऱ्यांसाठी नकाशे बनवणाऱ्या ऑनएक्स कंपनीने २०१८ मध्ये एका संवर्धन संस्थेबरोबर मोजणी केली, तेव्हा पश्चिमेत केंद्राची ९५ लाख एकरांहून जास्त जमीन अशी कोंडलेली निघाली. राज्यांची जमीन वेगळीच.

म्हणून ‘रस्ता आहे का’ हा प्रश्नच विचारू नका. विचारायचं ते असं: अमुक टाउनशिप, अमुक रेंज, अमुक सेक्शन (सरकारी मोजणीतला जमिनीचा पत्ता), इथपर्यंत जनतेला गाडीने जायचा नोंदलेला हक्क आहे का, त्या दस्तऐवजाचा क्रमांक काय, आणि तो फक्त खात्यासाठी आहे की सर्वांसाठी? हे ईमेलने विचारा, उत्तर लेखी घ्या, त्याची छापील प्रत गाडीत ठेवा. मग कौंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) क्लर्क अँड रेकॉर्डरकडे, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तोच क्रमांक तपासा, आणि रस्ता कौंटीचा आहे का हे कौंटीच्या रस्ते विभागाला विचारा. माझ्या मते कौंटीतले लोक केंद्राच्या कोणत्याही कार्यालयापेक्षा सरळ बोलतात. अपवाद असतील.

दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्यावर टेकत असतील, आणि उरलेल्या दोन बाजूंना खाजगी जमीन असेल तर? वायोमिंगमध्ये २०२१ साली मिसुरीच्या चौघा शिकाऱ्यांनी असा कोपरा शिडीने ओलांडला. फौजदारी खटल्यात ज्यूरीने त्यांना सोडलं, आणि जमीनमालकाच्या दाव्यात २०२५ च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किटच्या (काही राज्यांच्या गटाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने त्यांच्याच बाजूने निकाल दिला. लोक हा निकाल मोंटानालाही लावतात. लागत नाही. मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतं, आणि एका सर्किटचा निकाल दुसऱ्याला बांधत नाही. व्हिसावर असताना नवा कायदा घडवायच्या भानगडीत तुम्ही पडू नये, हे माझं स्पष्ट मत.

नदीच्या पात्रातून चालत जायचा विचार असेल तर तोही सोडा. मोंटानाचा १९८५ चा नदीकायदा मासेमारीला फार उदार आहे, पण हरणासारख्या मोठ्या जनावरांच्या रायफलशिकारीला ती सवलत नाही. शेजारच्या डाकोटांत (नॉर्थ आणि साउथ डाकोटात) सेक्शनच्या हद्दीवरून बहुतेक ठिकाणी सार्वजनिक वाट असते, ती सवय मोंटानात नेऊ नका. आणि खाजगी जमिनीवर पाटी नसली तरी शिकारीसाठी परवानगी लागतेच.

बरं, तो मोठा पट्टा तुम्हाला हवाय तरी कशाला? नदीपासून आत, सेजब्रशच्या उघड्या टेकड्यांत प्रामुख्याने म्यूल डिअर (हरणाची दुसरी जात) भेटतील. व्हाइटटेल दिवसा कॉटनवुड आणि विलोच्या झाडीत बसतात आणि संध्याकाळी ओलिताच्या अल्फाल्फात, म्हणजे आपल्या लसूणघासात, चरायला जातात. हे दोन्ही बहुधा खाजगी असतं. म्हणून मी पट्ट्याचा आकार बघतच नाही. नदीकाठच्या शेताला लागून असलेला सरकारी तुकडा, छोटा का असेना, तो बघतो. त्याहून बरा मार्ग म्हणजे ब्लॉक मॅनेजमेंट. त्यात रँचर आपली जमीन राज्याच्या योजनेत शिकाऱ्यांना खुली करतात. काही ठिकाणी पेटीतल्या चिठ्ठीवर नाव लिहून आत जाता येतं, काही ठिकाणी आधी परवानगी घ्यावी लागते, आणि नदीकाठच्या चांगल्या जागा या दुसऱ्या प्रकारात लवकर भरतात. यादी ऑगस्टमध्ये येते. आणि निघण्याआधी राज्याच्या बायोलॉजिस्टला (काउंटरला नव्हे) विचारा की यंदा ईएचडी आला होता का. चिलटांमुळे पसरणारा हा रोग उन्हाळ्याच्या शेवटी नदीकाठचे व्हाइटटेल साफ करून टाकतो, आणि गेल्या वर्षीचे फोटो बघून गेलेले लोक रिकामी झाडी बघत बसतात.

पाऊस किंवा वितळता बर्फ असेल तर कच्च्या रस्त्यावर गाडी घालू नका. तिथली गंबो माती ओली झाली की विदर्भातल्या काळ्या मातीसारखी चाकांना धरते.

आता एच-१बी. मी वकील नाही, तुमच्या वकिलाला विचाराच. पण कायदा असा आहे की नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्राची मनाई आहे, आणि वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. लायसन्सची मुदत संपली की तो अपवादही संपला. तुमचा मित्र ‘नुसता बघायला’ येतोय असं लिहिलंय. तोही तशाच व्हिसावर असेल आणि त्याच्याकडे लायसन्स नसेल, तर फोटोपुरतीसुद्धा रायफल त्याच्या हातात देऊ नका, काडतुसांची पिशवीही नको. ऑफिसातल्या कोणीतरी ‘काही होत नाही’ म्हटलं असेल, तर कोणत्या ऑफिसातल्या, हे आधी विचारा!

मांसाचंही आधीच ठरवा. सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगामुळे अनेक राज्यांत मेंदू आणि मणका आणायला बंदी आहे, म्हणून हाडं तिथेच काढायची, नमुना तपासायला द्यायचा आणि निकाल येईपर्यंत फ्रीझरला हात लावायचा नाही. हरणाची चरबी मात्र निर्दयपणे काढून टाका, तोंडात मेणासारखी बसते. मग काळा मसाला आणि मंद आच.

तुमच्या पट्ट्याचे टाउनशिप, रेंज आणि सेक्शन इथे लिहू नका, फुकट गर्दी होईल. मला खाजगीत कळवा. कौंटीच्या नोंदीत तो दस्तऐवज कसा शोधायचा ते पायरीपायरीने सांगतो.