गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जाण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पणजीत वाढूनही चोर्ला घाटात जाताना खिडकीतून दिसणारी हिरवळ एवढीच सत्तरीची ओळख, म्हणून चार दिवस एखाद्या शेतकरी गावात राहायचा बेत केलास, हे फार बरं झालं. पण पत्रात सात गावांची नावं आहेत आणि महिना कुठेच नाही. हे उलटं कर. आधी महिना ठरव, मग गाव, आणि सातांपैकी एकच ठेव. गावात बघायचं असतं ते चाललेलं काम, आणि ते पावसाबरोबर पुढे-मागे सरकतं. मेच्या अखेरीस पोचणाऱ्याला कोरडी शेतं दिसतात आणि पावसाआधी लाकूडफाटा आत घ्यायच्या घाईतली माणसं भेटतात. बोलायला कुणाला सवड नसते.

भाताचे हंगाम दोन. पावसाचं ते सरद: जून-जुलैत पेरणी-लावणी, सप्टेंबर अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत कापणी. जिथे पाण्याची सोय आहे तिथे दुसरं पीक वायंगण: नोव्हेंबर-डिसेंबरात लागतं, मार्च-एप्रिलात निघतं. फेब्रुवारी ते मे काजू. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी जानेवारी सांगेन. वायंगण हिरवं असतं, परसात तांबडी भाजी, मुळा, मिरची, अळसांदे असतात, रस्ते कोरडे असतात, आणि संध्याकाळी माणसं सोप्यावर बसलेली सापडतात.

जुलैची लावणी सगळ्यांनाच बघायची असते, फोटोही तिचेच येतात. पण त्या दिवसांत पाहुणा म्हणजे अडचण. रोपं एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली की लावायलाच हवीत. तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, जास्त दिवस राहिली तर पुढे फुटवे कमी येतात. म्हणून पाऊस असो, ताप असो, काम थांबत नाही. जायचंच असेल तर चिखलात उतरायच्या तयारीने जा आणि आधी तास-दीड तास नुसतं बघ. तरवा उपटतात, मुळांची माती पाण्यात खळबळून काढतात, जुड्या बांधतात, जुड्या वाफ्यात अंतरा-अंतरावर फेकतात. मग एका जागी दोन-तीन रोपं, दोन जागांमध्ये वीतभराहून थोडं कमी अंतर. अंगठा आणि दोन बोटांत मुळं धरायची आणि फक्त २-३ सेंटिमीटर आत खोचायची. नवशिका हटकून खोल खोचतो, कारण रोप उभं राहिलं की त्याला बरं वाटतं. खोल गेलेलं रोप जगतं, पण फुटवा उशिरा आणि थोडा देतं. अगदी वर ठेवलेलं रोप संध्याकाळी पाण्यावर तरंगतं आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी परत लावावं लागतं. तुझी ओळ बिघडली तर कुणी तोंडावर बोलणार नाही, तू गेल्यावर दुरुस्त करतील. म्हणून एका कोपऱ्यात चार ओळी लाव आणि बाजूला हो.

आता मेरेविषयी. गावात पाहुण्यांकडून सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे, आणि त्यांना कळतसुद्धा नाही. दोन वाफ्यांमधली मेर म्हणजे पायवाट नव्हे, पाणी अडवणारी भिंत आहे. पावसात ती आतून मऊ असते, खेकड्यांनी पोखरलेली असते. कडेवर पाय दिला की ढेकूळ सुटतं, तिथून पाणी झिरपायला लागतं आणि रात्रीतून वरचा वाफा रिकामा होतो. खतही त्या पाण्याबरोबर खाली जातं. मधोमध चाल, एकामागे एक, पाऊल सपाट टाकून. मेरेत हातभर रुंदीची फट दिसेल, तिच्यात दगड नाहीतर गवताचा बोळा असेल. एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी सोडायची ती वाट. ओलांडून जा; दगड हलवू नकोस, त्यावर पायही देऊ नकोस. समोरून डोक्यावर जुड्यांचा भारा घेतलेली बाय आली तर मागे फिरायचं तुलाच, तिला नव्हे. आणि मेरेवर चढण्याआधी शेतात जो असेल त्याला हाक मारून विचार, "बाब, इथून येऊ?" नको म्हणाला तर बहुधा पलीकडे नुकतं बी फेकलेलं असतं.

खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, सत्तरीत नाही. ती बघायची तर एक दिवस वेगळा काढून दिवाडी, चोडण किंवा जुव्याला जा, आणि जाताना भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा, नाहीतर मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, नुसतं लाकडी दार वाटेल. ते दार नदीच्या बाजूला उघडतं. ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त झाला की आपोआप उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला नदीचं खारं पाणी त्याला ढकलून बंद करतं. ओहोटी सुरू झाल्यावर अर्धा तास बांधावर उभं राहिलं की हे डोळ्यांदेखत घडतं. वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे जाते. मानशीतल्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि हक्क ती घेणाऱ्याचा असतो. गंमत म्हणूनही तिथे गळ टाकू नकोस. अशा शेतांत खारेपणा सोसणारा कोरगुट भात लावतात, आणि तोही जूनच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन काढल्यावरच.

काजूच्या दिवसांत जाणार असशील तर दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेव. पहिली, झाडाखाली पडलेलं बोंडू कुणाचं तरी असतं. फेणीसाठी झाडावर पिकून आपोआप पडलेलीच बोंडं घेतात, म्हणजे जमिनीवर पडलेलं तेच त्यांचं पीक. सकाळी टोकाला खिळा लावलेली काठी घेऊन गोळा करतात आणि बी पिळून वेगळी काढतात. कुणी देईल ते बोंडू खा. कच्च्या बीला दात लावू नकोस, टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात. मग बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, तुडवतात, चोथ्याचा गोळा करून वर दगड ठेवतात, त्यातून ठिबकतो तो निरो. निरो प्यायचा तर सकाळीच, संध्याकाळपर्यंत आंबू लागतो. रस तीनेक दिवस आंबला की भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, चढवतात. पहिल्या धारेचा हुर्राक, तोच पुन्हा भाणात गेला की फेणी. हुर्राक सौम्य लागतो म्हणून नवखे पेल्यामागून पेला पितात आणि मग स्कूटर चालवायला निघतात. भाटीवर, म्हणजे दारू गाळतात तिथे, जायचं तर परतायची सोय आधी कर.

दुसरी गोष्ट माकडताप. सत्तरीत तो २०१५ पासून दिसतो आहे, गोचिडीमुळे पसरतो, आणि त्याचा काळ नेमका काजूचा. रानात आणि बागायतीत लांब बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल. पाचोळ्यावर बसू नकोस, अंगाखाली काहीतरी पसरूनसुद्धा नको. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावच्या आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळव. परतल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ कर, कपडे लगेच धुवायला टाक, काखा आणि गुडघ्यामागे तपास. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत कडक ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांग की सत्तरीच्या रानात फिरणं झालं. पावसाळ्यात गोचिडीची जागा जळू आणि लेप्टो (साचल्या पाण्यातून होणारा ताप) घेतात. पायाला जखम असेल तर शेतातल्या पाण्यात उतरायचंच नाही.

कुळागरात पोफळी, माड, केळी, मिरवेल एकाच सावलीत असतात आणि पाटाचं पाणी सगळीकडून फिरतं, म्हणून जमीन बारमाही निसरडी. मागे पट्टा असलेल्या प्लॅस्टिकच्या सँडल घाल, चपला नकोत. पाडेली माडावर चढलेला असेल तर कुळागराच्या बाहेर थांब. नारळ सरळ खाली पडत नाही, झावळीला आपटून कुठेही उडतो. फोंड्याकडची मसाल्याची कुळागरं, जिथे बसगाड्या थांबतात आणि जेवणाचा बुफे असतो, ती एका सकाळीसाठी ठीक आहेत. पण ती पाहुण्यांसाठी मांडलेली असतात.

राहायला पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेलं घर बघ, आणि फोनवर आधीच विचार: न्हाणीघर घरात की बाहेर, रात्रीच्या जेवणाला किती वाजता परतायचं, आणि घरात शिवराक कुठल्या दिवशी. पुष्कळ हिंदू घरांत सोमवार-गुरुवारी मासे नसतात, श्रावणात तर नाहीच. आयत्या वेळी मासे मागून घरच्या बाईला कोड्यात टाकू नकोस. दहा-साडेदहाची उकड्या तांदळाची पेज चुकवू नकोस. शेतातून आलेली माणसं तेव्हा बसतात आणि दिवसातल्या खऱ्या गप्पा तिथेच होतात. दुपारी एक ते तीन कुणाच्या दारात जाऊ नये. संध्याकाळी दूध सोसायटीजवळ किंवा पसऱ्यावर, म्हणजे गावच्या दुकानावर, उभं राहिलं की गाव आपणहून विचारतं, कुठून आलात. उत्तरात पणजीच्या पुढचं मूळ गाव सांग, पुढे ओळख निघतेच.

पौषात धालो, म्हणजे रात्रीची गाणी-नाच, असतील तर ते बायकांचे आहेत, आणि ते होतात तो मांड ही देवाची जागा. चपला दूर काढ, बोलावलं तर कडेला बस, फ्लॅश नको. देवराईत, मग ती केरीची आजोबाची राय असो की दुसरी कुठली, गावचा माणूस बरोबर असल्याशिवाय शिरू नकोस. तिथलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नसतं. धबधब्याचं म्हणशील, तर जुलै २०२३ मध्ये माणसं बुडाल्यावर वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली होती. तू जाशील तेव्हा काय खुलं आहे ते चौकीवर विचार. गावातला पोरगा "मी नेतो" म्हणाला तरी जाऊ नकोस, दंड झाला तर तो त्याच्या घरावर येतो.

साखळी किंवा वाळपईपर्यंत बसची अडचण नाही. पुढे मात्र गाड्या शाळेच्या आणि कामाच्या वेळेला धरून असतात. दुपारी मोठी पोकळी, रविवारी आणखी कमी. रात्रीची वस्तीची गाडी कितीला येते आणि सकाळी कितीला सुटते, हे उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेव. स्कूटर भाड्याने घेतलीस तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घे. संध्याकाळी अंधार पडण्याआधी परत ये, अंधार पडला की रस्त्यावर गवे येतात. हॉर्न वाजवू नकोस, दिवा खाली कर आणि थांब. शेताभोवतीच्या तारेला हात लावू नकोस. तीत झटका सोडलेला असू शकतो, रानडुकरांसाठी.

पैशांचं सांगतो आणि थांबतो. शेत दाखवणाऱ्याच्या हातात नोट ठेवू नकोस, त्याच्या मनाला ते लागतं. त्याच्याकडचं काहीतरी विकत घे: उकडे तांदूळ, भिरंडाची (कोकमाची) सोलं, नारळ, केळी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला भाव माहीत असू दे, पण घासाघीस नको. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. फळं किंवा खाजं पुरे, मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटत फिरू नकोस. सुटे पैसे जवळ ठेव, कारण रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत. राहण्याजेवण्याचे पैसे शेवटच्या सकाळी, बस यायच्या आधी, चुलीपाशी जिने राबणूक केली तिच्याच हातात दे.

तुझा
काका

ता. क. विजेरी दोन न्याव्या, एक उशाशी आणि एक पिशवीत. पावसाळ्यात वीज जाते, आणि न्हाणीघर बाहेर असेल तर दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी उजेड पायरीवर पाडायचा. साप चावला तर बांधू-चिरू नकोस, पाय हलवू नकोस, १०८ ला फोन कर.