गावच्या प्रशालेचा दहावीचा निकाल ७४ टक्के, तालुक्याच्या शाळेचा १००. मुलीला आठवीला कुठे घालू?

तुम्ही लिहिलंय की गावच्या जिल्हा परिषद प्रशालेत "बहुतेक ऊसतोड कामगारांचीच पोरं" आहेत, म्हणून निकाल कमी लागतो, म्हणून मुलीला तालुक्याच्या शाळेत घालायचा विचार आहे. त्या दोन "म्हणून"पायी मी हे उत्तर लिहायला बसले. बीड जिल्ह्यातल्या अशाच एका प्रशालेवर मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं.

पट किती ते तुम्ही लिहिलेलंच नाही. दहावीला एकोणीस मुलं बसली आणि पाच नापास झाली की ७४ टक्के होतात. त्यातलं एक जरी निघालं असतं तरी ७९ झाले असते. लहान शाळेत एका पोराला पेपरच्या आदल्या रात्री ताप भरला तर शाळेचा निकाल पाच टक्क्यांनी खाली येतो. दोनशे मुलांच्या शाळेत तो ताप कुणाला कळतही नाही.

शिवाय हा आकडा किती नियमांवर हलतो तेही बघा. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. एका वर्षात राज्यातली पोरं मठ्ठ झाली नव्हती. अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांचे तोंडी परीक्षेचे वीस गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले, निकाल ९५.३० झाला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.९५.

ते २०१९ साल माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडून बावीस मुलं बसली, सतरा पास झाली. ७७.२७ टक्के, म्हणजे राज्याच्या निकालापेक्षा कणभर वरच. निकालानंतर आठवडाभरात घरात लग्न होतं. माझे थोरले दीर तेव्हा तालुक्याच्या एका खासगी शाळेवर मुख्याध्यापक होते, त्यांचा निकाल शंभर टक्के. पंगतीत, सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी विचारलं, "काय बाई, तुमच्याकडं शिकवतात का नुसती खिचडीच वाटतात?" सगळे हसले. मी वाढत होते, वाढत राहिले.

आता त्या पाचांतल्या एकाची गोष्ट सांगते. २०१८ च्या जूनमध्ये एक मुलगा वडलांबरोबर आमच्या ऑफिसात आला. हातात शाळा सोडल्याचा दाखला, तो भाऊजींच्याच शाळेचा. शाळा सोडण्याचं कारण म्हणून लिहिलं होतं, "पालकांच्या विनंतीवरून." मी वडलांना विचारलं, कसली विनंती केली होती तुम्ही? ते म्हणाले, "मास्तर म्हणले, पोरगं दहावीला निघत नाही. सतरा नंबर भरा, नाहीतर दाखला घेऊन जा." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे मूल खासगी विद्यार्थी म्हणून बसणार आणि शाळेच्या नियमित निकालात धरलं जाणार नाही. पोरगा दाराशी उभा होता. दोन्ही हातांवर उसाच्या पाचटाचे बारीक बारीक ओरखडे, काही जुने, काही नुकतेच खपली धरलेले. नववीची दिवाळी झाली की तो आईबापाबरोबर कारखान्यावर गेला होता, आला तो थेट एप्रिलात. आईबापाचा एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, हा मोळ्या बांधायला आणि धाकटी बहीण सांभाळायला.

आमच्याकडं नाही म्हणायची पद्धत नव्हती. मुख्याध्यापकांनी नाव घातलं.

पहिल्या चाचणीत त्याला गणितात चाळीसपैकी तीन पडले. वहीत क्ष दिसला की पेन खाली ठेवायचा. एक दिवस मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलाशी भांडताना ऐकलं, विषय होता तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबाचा. किती टन तोडला, टनाला काय भाव, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली होती आणि अंगावर किती राहिली, हे सगळं तो कागदाशिवाय सांगत होता आणि मुकादमानं कुठं पैसे मारले तेही बरोबर सांगत होता. मी त्या दिवसापासून त्याला समीकरणं उचलीवर शिकवली. उचल वजा फेड म्हणजे अंगावरची बाकी. फिटायला अजून किती टन तोडावा लागेल, तो क्ष. ऋण संख्या त्याला एका तासात कळली, कारण ऋण त्याच्या घरातच होतं.

दिवाळीनंतर गाडी आली. वडलांना हातापाया पडून मी त्याला गावात ठेवून घेतलं, आजीजवळ. हंगामी वसतिगृहाची सोय आठवीपर्यंतच्या पोरांचा हिशेब धरून केलेली, दहावीच्या पोरानं कुठं राहायचं याचं उत्तर तेव्हा आमच्याकडं नव्हतं. जानेवारीत आई आजारी पडली आणि तो तीन आठवडे फडावर गेलाच. सराव परीक्षा बुडाली. मार्चमध्ये तो गणितात नापास झाला, माझ्या विषयात. बाकी सगळे विषय निघाले. जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसला आणि पास झाला. पुढं आयटीआय केलं, आज वायरमन आहे, बहिणीची फी तो भरतो.

कागदावर हे असं दिसतं: मार्चच्या निकालात तो आमच्या नावावर नापास. जुलैचा निकाल वेगळा लागतो, तो फलकावर कुणी लिहीत नाही. आणि ज्यांनी त्याला दहावीच्या तोंडावर दाखला देऊन बाहेर काढलं, त्यांचा निकाल शंभर. आमच्या पाच नापासांपैकी चौघं नववीत किंवा दहावीत दुसऱ्या शाळांचे दाखले घेऊन आलेले होते. ते चौघं आम्ही घेतले नसते तर अठरातले सतरा, चौऱ्याण्णव टक्के. जुलैत पाचांतले तिघे निघाले.

भाऊजींना मी हे नंतर एका दिवाळीला विचारलं. नववीला तुमच्याकडं किती मुलं होती आणि दहावीचे फॉर्म किती भरले? ते उठून हात धुवायला गेले. आजतागायत त्यांनी आकडा सांगितलेला नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, दोन्ही शाळांत जाऊन निकाल विचारू नका. मागच्या वर्षी नववीला किती होती आणि यंदा दहावीला नियमित म्हणून किती बसली, हे विचारा. नववीतून किती दाखले दिले, सतरा नंबर किती जणांनी भरला, जुलैत किती निघाले. शंभर टक्केवाल्या शाळेत नववीला साठ आणि दहावीला चव्वेचाळीस असतील तर ते सोळा कुठे गेले याचं उत्तर मिळाल्याशिवाय फी भरू नका. तुमची मुलगी उद्या आजारी पडली, एखाद्या विषयात मागं राहिली, तर ती त्या सोळांत जाईल. हुशार पोरांना कुणीही सांभाळतं.

मुलगी आठवीत जाते आहे म्हणून आणखी एक. एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती, तिची परीक्षा आठवीतच असते. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतल्याच मुलांना, तेही पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. तालुक्याची ती शाळा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान न घेणारी असेल तर हा दरवाजा बंद. आधी ते विचारून घ्या.

आणि ऊसतोडीच्या पोरांबरोबर बसल्यानं तुमच्या मुलीचे गुण कमी होत नाहीत. माझ्या वर्गात वंजारी, बंजारा, दलित, मराठा, सगळ्यांची पोरं एका बाकावर होती. दुकानदाराची मुलगी ९१ टक्के घेऊन गेली, त्याच बाकावरून.

पण एक गोष्ट कबूल करते. गावच्या शाळेत गणित, विज्ञान आणि इंग्रजीला शिक्षक आहेत का ते डोळ्यांनी पाहून या. पट वीसच्या आत असेल तर जास्तच चौकशी करा, १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदं ठरवण्याच्या, निर्णयानं तसल्या वर्गांची शिक्षकपदं धोक्यात आली आहेत. गणिताची जागा दोन वर्षं रिकामी असेल तर माझं हे सगळं ऐकू नका, मुलीला तालुक्याला पाठवा. एसटीचा पास मुलींना मोफत आहे. आणि शंभर टक्केवाली प्रत्येक शाळा गाळणी लावते असंही नाही, एक-दोन खरोखर राबणाऱ्या मला माहीत आहेत. नववी-दहावीचे आकडे मिळाले की इथंच खाली लिहा, मी बघून सांगते.