शनिवारी मोडलेला नेम

वसईजवळच्या एका गावातून 36 वर्षांच्या वाचकाने लिहिले आहे: "ताई, ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी ईस्टरपर्यंत मांस आणि दारू वर्ज्य करायचे ठरवले होते. मांस सुटले, दारू मात्र तिसऱ्या शनिवारी मित्राच्या घरी प्यायलो. तेव्हापासून शुक्रवारी देवळात होणाऱ्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेलाही जात नाही, तिथे उभे राहणे ढोंग वाटते. जगण्याला काही हेतू सापडेल म्हणून नेम धरला होता. आता नोकरी, लोकल, वडिलांचे आजारपण, सगळेच निरर्थक वाटते."

प्रिय बंधू,

शनिवारच्या दारूपेक्षा मला तुमची शुक्रवारची गैरहजेरी अधिक गंभीर वाटली. ज्या प्रार्थनेला जायची तुम्हाला लाज वाटते, त्या क्रुसाच्या वाटेत येशूचा क्रूस वाहण्याचा प्रवास 14 स्थानांत आठवतात, आणि त्यांपैकी तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी येशू क्रुसाच्या भाराने खाली पडतो. पडलेल्या माणसाने तिथे येणे ढोंग ठरत असते, तर ही प्रार्थना म्हणायला देवळात कोणी उरले नसते.

कॅथलिक चर्चने बंधनकारक केलेला उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असा दोनच दिवसांचा आहे, त्याशिवाय शुक्रवारचा मांसत्याग. दारू सोडणे हा तुमचा स्वतःचा संकल्प होता. तो मोडल्याची खंत जरूर वाटावी, पण त्यामुळे अख्खा प्रायश्चित्तकाळ बाटला, असे कोणत्याही धर्मगुरूंनी तुम्हाला सांगितलेले नाही. ते तुमचे तुम्हीच ठरवले आहे.

मोहाविषयी आपण फार ढोबळ विचार करतो. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूपुढे पहिला मोह येतो तो भाकरीचा, म्हणजे एरवी निर्दोष असलेल्या वस्तूचा, आणि तोही 40 दिवसांच्या उपासानंतर, शरीर थकलेले असताना. दुसऱ्या शुभवर्तमानात लूक तर सांगतो की सैतान गेला तो संधी मिळेपर्यंतच. तुमच्याकडे तो पहिल्यांदा पेल्यातून आला आणि नंतर फार धार्मिक भाषेत आला: "तू अपात्र आहेस, आता प्रार्थना कशाला?" हा दुसरा मोह तुम्ही ओळखलाच नाही, कारण तो पश्चात्तापासारखा दिसतो.

संत इग्नाती लोयोला यांना हे अनुभवाने ठाऊक होते. 1521 मध्ये स्पेनमधील पांप्लोनाच्या लढाईत जखमी झालेल्या या सैनिकाने पुढच्या वर्षी मान्रेसा येथे स्वतःवर इतके कठोर उपास लादले की अखेर पापनिवेदन, म्हणजे पापांची कबुली, ऐकणाऱ्या धर्मगुरूंना त्याला जेवायची आज्ञा करावी लागली. पुढे साधकांसाठी नियम लिहिताना त्यांनी बजावले की मन उदास आणि कोरडे असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. उलट अशा वेळी प्रार्थना थोडी वाढवावी. म्हणून येत्या शुक्रवारी जा. मन लागो वा न लागो, शेवटच्या स्थानापर्यंत थांबा आणि त्याआधी शक्य झाल्यास पापनिवेदन करा.

राहिला हेतूचा प्रश्न. तुम्ही तो दारू सोडण्यात शोधलात, आणि माझ्या मते गफलत तिथेच आहे, कारण सोडण्याने फक्त जागा रिकामी होते. प्रायश्चित्तकाळात उपवासाबरोबर प्रार्थना आणि दानधर्मही सांगितले आहेत, ते उगीच नव्हे. यशया संदेष्ट्याच्या 58 व्या अध्यायात देव आपल्याला पसंत असलेला उपास सांगतो तेव्हा भुकेल्याला भाकरी देण्याची आणि आपल्याच माणसांकडे पाठ न फिरवण्याची गोष्ट करतो. वडिलांचे आजारपण तुम्ही कंटाळ्याच्या यादीत, लोकलच्या शेजारी, लिहिले आहे. मला ते यादीतून बाहेर काढावेसे वाटते. मित्रांकडे जाणारी शनिवारची संध्याकाळ वडिलांना द्या, त्यांची औषधे तुम्ही स्वतः द्या, वाचलेले पैसे गावातल्या एखाद्या गरजू घरी न सांगता पोहोचवा. यातून लगेच समाधान मिळेल, असे मी म्हणत नाही. पहिले काही आठवडे बहुधा चिडचिडच होईल.

मित्रांनाही "ईस्टरपर्यंत नको" असे शनिवारच्या आधीच, फोनवर आणि कारण न सांगता कळवा. बाटली उघडल्यावर नकार देणे फार अवघड असते.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रावरून मला उमगत नाही. तो एक शनिवार सोडला तर दारूवाचून तुमचे दिवस सुखाने गेले का? हात थरथरणे, झोप उडणे, घाम फुटणे असे काही झाले असेल, तर हा मोहाचा नव्हे, आजाराचा प्रश्न आहे. तेव्हा दारू एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या जवळच्या सभेची चौकशी करा. तसे असल्यास मला पुन्हा लिहा.